ऑटो स्विच काढा म्हणण्याआधी

रब्बीत पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या की लाईट आल्यावर मोटार आपोआप सुरू करणारे कृषिपंपाचे ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण करते. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुड भागातल्या हरभरा आणि ऊस उत्पादकांनाही ते पाठ झाले असेल. तरी स्विच निघत नाहीत. यात शेतकऱ्याचा हट्ट नाही, नाइलाज आहे.

महावितरणचे म्हणणे चुकीचे नाही. 63 केव्हीएची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, साधारण 84 अँपिअर देते. पाच एचपीची मोटार चालताना साडेसात-आठ अँपिअर घेते, म्हणजे अशा दहा मोटारी त्या डीपीवर जेमतेम चालतात. पण सुरू होतानाचे काही सेकंद तीच मोटार पाच-सहा पट करंट ओढते. लाईट आली, विहिरींवरच्या दहाही पेट्यांतले कॉन्टॅक्टर एकाच वेळी खट्‌कन बसले, की डीपीवर चारशे अँपिअरच्या आसपास भार येतो. व्होल्टेज कोसळते, मोटारी वेग घेत नाहीत, वायंडिंग तापते. फ्यूज उडाला तर नशीब, नाही तर डीपी जळते आणि दुसरी मिळेपर्यंत सगळ्यांचे पीक सुकते.

पण शेतकऱ्याने ऑटो का बसवला, हेही विचारले पाहिजे. थ्री-फेज लाईट पाळीने कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीतही ती मध्येच जाते, कधी येईल सांगता येत नाही. ओल्या बांधावरून, विंचू-सापाच्या भीतीने, अंधारात स्टार्टर दाबायला जाणाऱ्या माणसाचा जीव ही पेटी वाचवते. ती काढा म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा त्या अंधारात धाडणे.

यावर तोडगा आहे. लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय संगणकातही असते. मात्र शेकडो सर्व्हर असलेल्या ठिकाणी ते एकदम सुरू होऊ देत नाहीत. प्रत्येकाला कमी-जास्त उशीर लावून देतात. पंपाच्या पेटीतही टायमर बसवता येतो. एका डीपीवरच्या पहिल्या शेतकऱ्याने एक मिनिट, दुसऱ्याने दोन, तिसऱ्याने तीन असा क्रम लावला, तर मोटारी एकामागून एक उचलतील. सोबत सिंगल-फेज प्रिव्हेंटर हवाच. एखादा फेज नसेल तर मोटार सुरूच होता कामा नये. आणि ऑटो असलेल्या मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडलाच पाहिजे. लाईट नाही म्हणून गाफील राहिलेल्या माणसाच्या हाताखाली ती कधीही फिरू शकते.

हा क्रम शेतकऱ्यांनी आपापसांत ठरवावा, पण पुढाकार महावितरणचा हवा. वायरमनने डीपीवर बैठक घ्यावी, कोणाचा टायमर कितीवर आहे ते लिहून ठेवावे. खरा इलाज दिवसा वीज हाच आहे. त्यासाठी 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. प्रत्येक कृषी फीडरला ती वीज मिळेपर्यंत ऑटो राहणार. तोवर महावितरणने आवाहनाचा मजकूर बदलावा: ऑटो काढा नव्हे, ऑटोला टायमर लावा. आणि जाहीर केलेले वेळापत्रक स्वतःही पाळावे.