दुभंगलेल्या वर्षाचा हिशेब

गोंदिया जिल्ह्यातील हलका धान दिवाळीच्या सुमारास बांधीतून निघतो आणि भारी धान त्यामागून. आधारभूत खरेदी केंद्रावर त्याचा काटा होऊन चुकारे खात्यात जमा होईपर्यंत मार्गशीर्ष किंवा पौष लागतो. ज्या घरातील मुलगी त्याच वर्षीच्या ऑगस्टात कायम वास्तव्याचा परवाना घेऊन कॅनडास गेली आहे, आणि ज्या घराच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या व भावाच्या बरोबरीने तिचेही नाव आहे, त्या घरी आलेली ही रक्कम, तिच्या हिश्श्यापुरती, कॅनडाच्या आयकर कायद्याच्या दृष्टीने तेथील एका नव्या रहिवाशाचे उत्पन्न होय. उन्हाळी धानाचे जे पैसे तिच्या प्रयाणापूर्वी जूनमध्ये आले, त्यांवर त्या देशाचा हक्क नव्हता. डिसेंबरात आलेल्या पैशांवर आहे. एकाच शिवारातील दोन पिकांमध्ये आखली गेलेली ही रेषा आमगाव, तिरोडा वा अर्जुनी मोरगावच्या कुटुंबांना कोणी दाखवून दिलेली नाही. आणि ती दाखविणे ज्या शासनाचे कर्तव्य, त्याने आपल्या स्वतःच्या कायद्यात अशी रेषाच मान्य केलेली नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

वर्षाच्या मध्यावर देशांतर करणाऱ्या मनुष्याचे वर्ष वस्तुतः दुभंगलेले असते. कॅनडा हे वास्तव सरळ स्वीकारतो: ज्या दिवशी मनुष्य तेथे बिऱ्हाड करून राहू लागला त्या दिवसापासून ३१ डिसेंबरपर्यंतचे त्याचे जगभरातील उत्पन्न करास पात्र, त्यापूर्वीचे नाही, वैयक्तिक सवलत दिवसांच्या प्रमाणात, आणि विवरणपत्र सामान्यतः पुढील ३० एप्रिलपर्यंत. ज्याला त्या काळात काहीच मिळकत झाली नाही, अशा नवागतानेही ते दाखल करणे हिताचे, कारण मुलांसाठीचा भत्ता त्या विवरणपत्रावरूनच ठरतो. ब्रिटनमध्येही, जेथे करवर्षाचा प्रारंभ ६ एप्रिलला होतो, ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्याचे वर्ष दोन भागांत विभागले जाते. अमेरिकेची वाट अधिक वळणाची आहे. चालू वर्षातील सर्व दिवस, मागील वर्षातील दिवसांचा एक तृतीयांश व त्यामागील वर्षातील दिवसांचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ झाली म्हणजे मनुष्य करापुरता रहिवासी ठरतो. आणि जो वर्षाच्या मध्यापासून असा ठरला, त्याला त्या एका वर्षाचा हिशेब दोन दर्जांनी मांडावा लागतो.

भारतात मात्र १ एप्रिल ते ३१ मार्च हे वर्ष, जे १८६७ पासून सरकारी हिशेबाला बांधलेले आहे, करदात्याच्या वास्तव्यापुरते अखंड मानले जाते. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या वर्षी १८२ किंवा अधिक दिवस येथे राहिला असेल, तर तो संपूर्ण वर्षाचा रहिवासी, आणि त्याची परदेशातील मिळकतही येथे करपात्र. अमेरिकेचा एच-१बी परवाना नव्या उमेदवारांना सामान्यतः १ ऑक्टोबरपासून लागू होतो, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमाची तीव्रता कळते. एप्रिलपासून येथेच असलेला जो तरुण २२ सप्टेंबरास नागपूरमार्गे निघाला तो अनिवासी. त्याचाच जो सोबती आईच्या आजारपणामुळे आठ दिवस थांबून ३० सप्टेंबरास निघाला तो रहिवासी, आणि त्याचा ऑक्टोबर ते मार्चचा अमेरिकेतील पगार दोन्ही देशांच्या हिशेबात गेला. दोन देशांमध्ये १९८९ साली झालेल्या करारान्वये तेथे भरलेल्या कराची वजावट येथे मिळते, हे खरे. परंतु तेथील वर्ष डिसेंबरात संपत असल्याने जानेवारी ते मार्चच्या पगारावरील अमेरिकी कर त्याच्या पुढील वर्षीच्या विवरणपत्रात, म्हणजे त्यानंतरच्या एप्रिलात, निश्चित व्हायचा, आणि आपले विवरणपत्र तर त्याआधीच्या ३१ जुलैलाच मागितले जाते. जो कर अद्याप कायम झालेला नाही त्याचा दस्तऐवज त्या तरुणाने कोठून आणावा?

१८२ दिवसांची ही सवलतही सर्वांना नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात १९७२ साली वसलेल्या नॉर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीतील ज्या तरुणांपाशी भारतीय नागरिकत्व नाही, ते नोकरीसाठी बाहेर गेले, तर त्यांना ६० दिवसांचीच मर्यादा लागते, कारण मागील चार वर्षांत ३६५ दिवसांहून अधिक काळ ते येथेच राहिलेले असतात. जूनमध्ये निघालेला असा तरुण पुढील मार्चपर्यंत कायद्याने भारताचाच रहिवासी. ज्यांच्या आजोबांना एकदा देश सोडावा लागला, त्यांच्या नातवांना दुसऱ्या देशांतराच्या वेळी आपण अधिक कठोर मोजमाप लावतो, हे मला अन्यायाचे वाटते.

शेतीची बाब याहून गंभीर आहे. कृषी उत्पन्नावरील कराचा विषय संविधानाने राज्यांकडे सोपविला, केंद्रीय आयकरातून ते उत्पन्न मुक्त राहिले, आणि ‘शेतीला कर नसतो’ हे वाक्य आपल्याकडे इतके रूढ झाले की ही मुक्तता देशाच्या सीमेपाशी संपते याचे भान कोणास राहत नाही. वजावट मिळते ती भरलेल्या कराची. येथे करच भरलेला नसल्याने परदेशात वजावटीस दाखवायला काहीच उरत नाही, आणि येथे माफ असलेली रक्कम तेथे पूर्णतः करास पात्र होते. वडिलांच्या खात्यावर ‘असू द्यावे’ म्हणून घातलेल्या मुलाच्या नावाचेही असेच आहे. अमेरिकेचा रहिवासी झाल्यावर, वर्षात कधीही परदेशी खात्यांची एकत्रित शिल्लक १०,००० डॉलरांपुढे गेली, तर त्यांची माहिती स्वतंत्र नमुन्यात द्यावी लागते, पैसा वडिलांचा असला तरी. कर काही लागत नाही. मात्र माहिती न दिल्याचा दंड एखाद्या अल्पभूधारकाच्या कित्येक हंगामांएवढा असू शकतो.

म्हणून घरच्यांनी प्रयाणापूर्वीच काही कागद नीट करावेत. जमीन प्रत्यक्ष वडीलच कसत असतील, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ अन्वये तहसीलदारांकडून वाटणी करून घ्यावी; ते शक्य नसेल तर कोण कसतो आणि उत्पन्न कोणाकडे जाते याचा लेख सर्व खातेदारांच्या सहीने तरी करून ठेवावा. खात्यावरची नावे तपासावीत. प्रत्येक चुकाऱ्याची तारीख लिहून ठेवावी, कारण पुढे वाद उपस्थित झाला तर तो तारखेवरच व्हायचा.

परंतु सर्व भार कुटुंबावर टाकणे योग्य नव्हे. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम, २०२५ ने ‘मागील वर्ष’ व ‘आकारणी वर्ष’ यांचा घोळ मिटवून एकच ‘करवर्ष’ आणले, हे स्वागतार्ह. तथापि वास्तव्याचे जुने निकष त्याने तसेच ठेवले. प्रयाणाच्या दिवशी वर्ष विभागण्याची तरतूद केल्यास लोक कर चुकविण्यासाठी दोन महिने बाहेर जाऊन परततील, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो अगदीच निराधार नाही. म्हणून ही सवलत त्यानंतरचे संपूर्ण वर्ष देशाबाहेर राहणाऱ्यालाच द्यावी, आणि तो आधी परतल्यास ती काढून घ्यावी. या भागात मालगुजारी चालत होती तेव्हाही जमाबंदीचे हप्ते पिकाचा हंगाम पाहून ठरत. रयतेच्या जीवनक्रमाशी कराचा मेळ घालणे तेव्हाच्या परकीय सत्तेला जमले होते. भंडारा-गोंदिया मतदारसंघाच्या प्रतिनिधींनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात या तरतुदीची मागणी लोकसभेत मांडावी, आणि नागरिकत्वावर आधारलेला ६० व १८२ दिवसांचा भेद त्याच दुरुस्तीत काढून टाकण्याचा आग्रह धरावा.