वाढ टोळासारखी, खर्च वाळवीसारखा?



"वेगाने वाढा" आणि "आधी पाया भक्कम करा", हे दोन्ही सल्ले तुम्ही रोज ऐकता. मग ऐकायचं कुणाचं? आज दोन कीटकांकडे बघूया.

पहिला वाळवंटी टोळ. मे २०२० मध्ये मध्य प्रदेशातून अमरावती-नागपूरकडे आला होता, तोच. एक चौरस किलोमीटरच्या झुंडीत ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात. एवढी झुंड एका दिवसात साधारण ३५ हजार माणसांइतकं अन्न फस्त करते. पण टोळ कायम झुंडीत नसतो, हे आपण विसरतो. पाऊस पडला, हिरवळ आली, गर्दी झाली की त्याचं वागणं बदलतं आणि झुंड बनते. चारा संपला की झुंडी मोडतात, आणि पुढच्या पिढ्या पुन्हा एकेकट्या राहू लागतात. घर नाही, साठा नाही, त्यामुळे सांभाळायचंही काही नाही.

दुसरी, वारूळ बांधणारी वाळवी. पावसाळ्याच्या सुरुवातीला पंखवाल्या वाळव्या उडतात, त्यातल्या बहुतेक पाखरांच्या तोंडी जातात. वाचलेली जोडी जमिनीत शिरते आणि पहिली पिल्लं स्वतःच वाढवते. ती हाताशी आली की मगच पसारा वाढतो. पुढे वाळकं गवत-लाकूड चावून त्यावर वारुळातच बुरशी पिकवतात आणि तीच खातात. घर सोडता येत नाही, म्हणून अन्नाची सोय घरातच!

दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. माझ्या मते धंदा बुडतो तो दोन्हींची अर्धी-अर्धी नक्कल केल्याने. दिवाळीत विक्री दुप्पट झाली म्हणून दुसरा गाळा घेतला, चार माणसं ठेवली, कर्ज काढलं. म्हणजे वाढ टोळाची, खर्च वाळवीचा. हंगाम सरतो, पण हप्ता सरत नाही.

म्हणून आजच वही काढा. भाडं, पगार, हप्ते यांची महिन्याची बेरीज करा. शेजारी वर्षातल्या सगळ्यात मंद महिन्यात, मालाचे पैसे वजा जाता, हातात किती उरलं ते लिहा. दुसरा आकडा लहान असेल, तर हंगामासाठी गाळा नको, स्टॉल लावा. कायमची माणसं नकोत, महिन्यापुरती घ्या. मोठा असेल, तर वारूळ बांधायला हरकत नाही, पण पहिली फळी तयार झाल्यावरच.

तुमचे दोन आकडे काय सांगतात? कमेंटमध्ये नक्की लिहा.