मिनिटांचा रकाना कुठे आहे?

गेल्या दोन महिन्यांतल्या पत्रांचा सूर एकच: माकडांच्या कळपाचे मॉडेल चालवले, पण कळप ओळखू येईना. रोज एकत्र दिसणारी जोडगोळी सामाजिक जाळ्यात दोन टोकांना! मॉडेलवर खापर फोडण्याआधी आम्ही सोबतचे तक्ते उघडले. एकात एका म्हाताऱ्या मादीपुढे ग्रूमिंगचे सरळ शून्य. शेऱ्यात मात्र बारीक अक्षरात लिहिलेले : ‘ही वरच्या फांद्यांवर बसते, फोकल घेता आला नाही.’ मग ते शून्य मादीचे की निरीक्षकाचे?

फोकल (एकाच प्राण्यावर ठरावीक वेळ नजर), स्कॅन (ठरावीक अंतराने सगळ्यांची नोंद) आणि अ‍ॅड लिबिटम (दिसेल ते टिपणे) यांतला फरक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्येच मांडला. तरी घाटातल्या थांब्यावर पर्यटकांनी शेंगदाणे फेकले की उसळणारी मारामारी टिपायची आणि तेवढ्यावरून एलो-रेटिंग (हार-जितीवरून क्रम) काढायचे, हे आजही चालूच आहे. गाड्या गेल्यावरचा शांत तासभर वहीत कुठेच नसतो. मग वर्चस्वाची उतरंड ताठ दिसली तर नवल काय?

शार्लोट हेमेलरिक यांच्या डॉमवर्ल्ड या संगणकी मॉडेलमधल्या आभासी माकडांना ना नाती, ना मैत्री. जवळ आले की भिडायचे. जिंकणाऱ्याची पुढची जिंकण्याची शक्यता वाढते, हरणाऱ्याची घटते. एवढ्यावर उतरंड उभी राहते आणि वरचढ मध्यभागी येतात. म्हणजे रानात दिसलेली प्रत्येक जवळीक ‘निवडलेली’ असेलच असे नाही. हे ताडून पाहायलाच मॉडेल हवे, पण ताडायचे कशाशी? वेळ न नोंदलेल्या बेरजांशी?

सांख्यिकी चाचण्यांचीही तीच गत. निरीक्षणांची अदलाबदल करणारी पर्म्युटेशन रिग्रेशनला जोडली की खोटे सकारात्मक निकाल फुगतात, हे २०२१ मध्ये दाखवून झाले आहे. पण मार्गदर्शक ते वाचत नाहीत, विद्यार्थी जुनीच कोड-फाइल पुढे ढकलतात.

सकाळी दहाच्या आत जंगलात पाऊल टाकायचे नाही, अशी अट घालणाऱ्या कचेऱ्यांचा समाचार पुन्हा कधीतरी घेऊ. पण ‘नऊ वाजता पाहिले नाही’ एवढे लिहायला कोणाचा परवाना लागतो?

पुढील अंकापासून प्रत्येक प्राण्यामागे निरीक्षणाची मिनिटे आणि नजरेआड गेलेला वेळ दिला नसेल, तर लेख परत येईल. जुन्या वह्या असलेल्यांनी आधी फोकलच्या सुरू-बंद वेळा टंकून घ्याव्यात. तक्ता पाठवा, आम्ही तपासून देऊ.