पुडी कुणाच्या हातची?

१५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये उस्ताद झाकीर हुसेन गेले. त्यानंतरचे काही दिवस वर्तमानपत्रांत त्यांच्या नावाबरोबर आणखी एक नाव छापून येत होते: हरिदास व्हटकर. हे मूळचे मिरजेचे. आजोबा तबले बनवत, वडील बनवत, हे तिसऱ्या पिढीचे. १९९४ साली ते मुंबईला आले आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ उस्तादांच्या तबल्यांचे काम त्यांच्या हाती राहिले. देशोदेशीच्या सभागृहांत तिहाईच्या शेवटच्या ‘धा’वर लोक उठून उभे राहत, त्या ‘धा’मागे मिरजेत घडलेले हात होते. तबल्याच्या जगातल्या मोजक्या मंडळींना हे माहीत होते, बाकीच्यांना उस्ताद गेल्यावर कळले.

आपल्या क्षेत्रात ‘कुणाकडे शिकलात’ आणि ‘घराणे कुठले’ हे प्रश्न उघडपणे विचारले जातात, त्यांची उत्तरे अभिमानाने, जरा लांबवूनच दिली जातात. ‘पुडी कुणाकडून चढवता’ हा प्रश्न मात्र पडद्यामागे, दबक्या आवाजात विचारला जातो. उत्तरही पुष्कळदा टाळले जाते. चांगला कारागीर सापडला की त्याचा पत्ता लपवायचा, कारण त्याच्याकडे रांग लागली तर आपले काम लांबेल, ही वादकांची जुनी चलाखी आहे. आम्हाला ती मान्य नाही. वाद्य कुणाकडून करून घ्यावे आणि कुणाला ऐकावे, असे दोन प्रश्न नव्या वाचकांकडून वरचेवर येतात. ते एकत्रच घ्यायला हवेत, आणि दोन्हींची उत्तरे शोधायला सातारा-सांगलीसारखा मुलूख नाही.

मिरजेपासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घरातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि त्यांच्या वंशजांनी, शागिर्दांनी ‘सतारमेकर’ हे आडनावच लावले. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, दर्ग्याच्या उरुसात गाणी रंगू लागली, अंबाबाईच्या नवरात्रात मैफली होऊ लागल्या. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे व्हायलाच हवे होते. पण त्या मानांकनात तबला नाही, पखवाज नाही, ढोलकी नाही. तंबोरा जुळला तरी मैफल सुरू व्हायला शेजारी तबला लागतोच, आणि तो तबला ज्याने चढवला त्याचे कौतुक सतारमेकरांच्या मानाने दहा टक्केही झालेले नाही.

याचे कारण आडून सांगण्यात अर्थ नाही. सतारीला लाकूड आणि भोपळा लागतो, तबल्याला चामडे. चामड्याला हात लावणाऱ्याला गावाने वेशीबाहेर ठेवले आणि त्याने बनवलेले वाद्य देवळात नेऊन पुजले. टी. एम. कृष्णा यांनी मृदंगम बनवणाऱ्यांवर ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिले. पालघाट मणी अय्यर यांच्या नादामागे परलांदू या कारागिराची केवढी मेहनत होती, हे त्यात विस्ताराने येते. २०२० साली चेन्नईच्या कलाक्षेत्राने त्या पुस्तकाच्या प्रकाशनाला दिलेली जागा ऐनवेळी नाकारली. असे पुस्तक मराठीत, हलगी-ढोलकी-पखवाज-तबल्याच्या कारागिरांवर व्हायला हवे.

पाश्चात्य ड्रमवाल्यांची रीत पाहा. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर बीटल्स वाजवायला बसले, तेव्हा रिंगो स्टारच्या मोठ्या ड्रमच्या दर्शनी पडद्यावर बँडच्या नावाच्या वर ‘लडविग’ हे बनवणाऱ्याचे नाव होते. नंतर मागणी इतकी वाढली की कारखाना रात्रंदिवस चालवावा लागला. रिंगोचा एक संच २०१५ साली लिलावात वीस लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. तिकडचा ड्रमर झांज कुठल्या घराची हे सांगतोच; झिल्जियन हे नाव तर १६२३ पासून चालत आले आहे. आपल्याकडे काही कारागीर डग्ग्याच्या भांड्यावर नाव कोरतात, पण आपण त्याच्यावर मखमली गवसणी घालून बसतो.

आता थोडे कामाविषयी, कारण रोज वाजवणाऱ्यांनाही पुडीचे पोट ठाऊक नसते. खोड शिसवी, खैराचे किंवा बाभळीचे. त्याचे वजन आणि आतली कोर यांवर नादाची लांबी ठरते. तोंडावर बकऱ्याच्या कातड्याची पुडी, कडेला चाट, मध्ये मैदान, त्यावर शाई, भोवती गजरा, आणि सोळा घरांतून ओढलेली वादी. यात सर्वांत कठीण काम शाईचे. लोहकिसाची पूड खळीत मळून एक पातळ थर द्यायचा, तो दगडाने घोटायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर, पुन्हा घोटणे. घोटण्याने शाईला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांमुळेच कातडे मोकळे हलते. थर घाईने दिले तर शाई वर्षभरात खपल्या धरते. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की या मधल्या भारामुळे आपल्या चर्मवाद्याचे उपस्वर सुसंवादी प्रमाणात बसतात, म्हणून साध्या ढोलाला नसलेला स्वर तबल्या-मृदंगाला असतो. रामन यांना नोबेल मिळाले ते वेगळ्या संशोधनासाठी, दहा वर्षांनी. पण ज्या गोष्टीचे गणित त्यांनी मांडले, ती मिरजेच्या गल्लीत बसून, बोटाच्या अंदाजाने, कित्येक पिढ्या चालूच होती.

म्हणून कारागिराकडे जाताना ‘चांगला तबला द्या’ म्हणून जाऊ नये. कुठल्या स्वराचा, कुणाच्या साथीला, हे सांगावे. काळी एकसाठी साधारण सव्वापाच-साडेपाच इंचांचे तोंड, काळी चार-पाचसाठी सहा इंचांच्या पुढचे. पुडी चढली की सोळाही घरांवर चाटीचा ‘ना’ वाजवून बघावा. एक घर जरी उतरलेले वाटले तर तिथेच, त्याच्यासमोर बोलावे. शाईला बोट लावून कड उचलते का ते पाहावे. महाबळेश्वर-पाटण पट्ट्यातल्या पावसात तबला उतरतो, शाई सुटते. तेव्हा कारागिराला दोष देण्याआधी आपण वाद्य कुठे ठेवले होते ते आठवावे. आणि कुरियरने पुडी मागवून घरी बसण्यापेक्षा वर्षातून एकदा तरी त्याच्या दुकानात अर्धा दिवस काढावा. कान तिथे जितका तयार होतो तितका चार कार्यशाळांत होत नाही. पैसे कमी करण्याची घासाघीस मात्र करू नये. ज्या वाद्यावर आपण बिदागी मिळवतो, त्याच्या मजुरीत शंभर रुपये सोडवून घेणे शोभत नाही.

आता ऐकण्याबद्दल. बावधन म्हटले की वाई तालुक्यात कुणीही रंगपंचमीच्या बगाडाबद्दल बोलेल. याच बावधनचे नाना पानसे काशीला बाबू जोधसिंहांकडे पखवाज शिकले, इंदूरच्या होळकर दरबारात गेले आणि त्यांच्या नावाने पखवाजाचे एक घराणे उभे राहिले. सखारामपंत आगळे आणि त्यांचे चिरंजीव अंबादासपंत त्याच परंपरेतले. कुदऊसिंहांच्या घराण्याचे वजनदार, जोरकस बोल एका बाजूला आणि पानश्यांचा गोडवा दुसऱ्या बाजूला, ही तुलना पखवाजी अजून करतात. डॉ. आबान मिस्त्री यांनी तबला-पखवाजाच्या घराण्यांवर लिहिलेला ग्रंथ या बाबतीत सर्वांनी वाचावा. स्वतः वाजवून, फिरून, विचारून लिहिलेला तो ग्रंथ आहे. पानशांच्या गावात मात्र तालवाद्याचा मोठा उत्सव व्हावा असे सातारकरांना अजून वाटलेले नाही. वाईला मंडळे कमी नाहीत, तेव्हा अडचण पैशांची नसावी.

औंधाचे तसे नाही. अंतूबुवा जोशींनी १९४० साली गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ तिथे सुरू केलेला संगीत महोत्सव आश्विन वद्य पंचमीला अजून होतो. अंतूबुवांचे चिरंजीव गजाननबुवा गवई आणि व्हायोलिनवादक म्हणून प्रसिद्ध; पण लयीवरचे त्यांचे प्रभुत्व असे की पं. सुरेश तळवलकरांसारख्या तबलजीने त्यांच्याकडून लयीचे मार्गदर्शन घेतले. तबलजीने गवयाकडे लय शिकायला जावे, हे आजच्या ‘फक्त सोलो’च्या दिवसांत लक्षात ठेवण्यासारखे आहे. मिरजेने उस्ताद मेहबूब खाँ मिरजकर दिले. पुण्यात त्यांनी शिष्य घडवले. मिरजकर हे आडनाव आज सिंगापुरातही तबल्याशी जोडलेले आहे, तिथे नवाझ मिरजकर तबला वाजवतात आणि शिकवतात.

मैफलीच्या बाहेर पडले तर या दोन जिल्ह्यांत वाजवणारे गावोगाव आहेत. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. ढोलकीच्या कडक थापेवर उभी राहिलेली त्यांची लावणी आपण आज नाट्यगृहात ऐकतो. कवठेमहांकाळच्या आरेवाडीला बिरोबाच्या यात्रेत धनगरी ढोल ऐकावेत. ढोलवाले गजी नाचणाऱ्यांच्या पावलाकडे बघून लय कशी धरतात, ते पाहायला तबल्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम जावे. आषाढीला माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, पुढे चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण होते, तेव्हा भर पावसात डाव्या तोंडाची कणीक सांभाळत चालणारे पखवाजी दिसतात. त्यांच्या हातची तयारी परीक्षांच्या अभ्यासक्रमात कुठेही मोजलेली नाही.

आणि हलगी. सांगली-साताऱ्याच्या कुस्ती मैदानात जोड लागली की हलगी, घुमके आणि कैताळ एकदम उठतात. एका हातात टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी, आणि मल्लाने पट काढला की त्याच क्षणी बदलणारी चाल. हे साथसंगतीचे अव्वल उदाहरण आहे. मैदानाच्या जाहिरातीवर मल्लांची, वस्तादांची, बक्षीस देणाऱ्यांची नावे असतात. हलगीवाल्याच्या नावाला फार थोड्या जाहिरातींवर जागा मिळते. हल्ली कातड्याऐवजी फायबर आणि लोखंडी कड्याला नटबोल्ट, अशा हलग्या आल्या आहेत. जुनी मंडळी नाराज आहेत, पण शेकोटीवर हलगी तापवत बसण्याची गरज राहिली नाही आणि पावसात वाद्य मरत नाही, हेही खरे आहे. आमचे मत विचाराल तर मिरवणुकीला फायबर चालेल, मैदानाला कातडेच हवे. फायबरचा आवाज लांब जातो, पण कातड्यावर काडीचे बारीक काम ऐकू येते ते त्यावर येत नाही.

या अंकापासून आम्ही एक नियम करत आहोत. मासिकात ज्या वादकाची मुलाखत किंवा मैफलीचा वृत्तान्त येईल, त्यात वाद्य बनवणाऱ्याचे किंवा पुडी चढवणाऱ्याचे नाव आणि गाव येईल. वादकाने ते सांगायला नकार दिला तर नकार दिला असेही छापू. संगीत सभांच्या चालकांना विनंती आहे की त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत ध्वनिव्यवस्थेच्या नावाखाली एक ओळ वाद्यकारागिरासाठी ठेवावी. दिवाळी पहाटेच्या पत्रिका आता छापायला जातील; तिथूनच सुरुवात करता येईल.

वाचकांनो, तुमच्या गावातला तबला, पखवाज, ढोलकी, हलगी, संबळ किंवा दिमडी करणारा माणूस आम्हाला कळवा. त्याला आधी विचारा, तो हो म्हणाला तरच नाव, गाव आणि तो काय बनवतो एवढे लिहून पाठवा. आणि इतकी वर्षे ज्याचा पत्ता लपवला असेल, त्याचे नाव सर्वांत आधी पाठवा.