मूळव्याध की चीर?

गायकवाडांच्या राजवटीमुळे मराठी माणसाला परके न वाटणारे बडोदे शहर आता गुजरातेत असले, तरी आपल्या कित्येक गावांतील मुले-माणसे पोटापाण्यासाठी त्या बाजूस जातात. तेथील भिंतींवर रंगविलेले तीन शब्द नव्या माणसाच्या नजरेतून सुटत नाहीत : ‘हरस, मसा, भगंदर’. पहिले दोन शब्द म्हणजे आपली मूळव्याध व तिचे मोड. तिसरा म्हणजे गुदद्वाराजवळ पू वाहणारी नळी. शौचाच्या जागी दुखले किंवा रक्त दिसले की माणूस त्या पाटीकडे वळतो आणि आपल्याला मूळव्याध झाली असे स्वतःच ठरवून टाकतो. पुष्कळ वेळा ती मूळव्याध नसतेच. ती गुदद्वाराच्या कातडीस पडलेली चीर असते. विषय संकोचाचा खरा. पण संकोचापायी घरोघरी जे हाल मुकाट्याने सोसले जातात, ते पाहता याविषयी मोकळेपणी बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की गुदमार्गाच्या आतील बाजूस रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मतःच असतात. मलाचा खडा, कुंथण्याची सवय, गरोदरपण, तासन्‌तास शौचास बसून राहणे अशा कारणांनी त्या फुगतात व खाली घसरतात. हीच मूळव्याध. त्या जागेच्या आतील भागात वेदना जाणणाऱ्या नसा नसतात. म्हणून आतल्या मूळव्याधीतून रक्त जाते ते बहुधा दुखल्याशिवाय. शौचाच्या शेवटी लालभडक रक्ताचे थेंब टपटप पडतात, क्वचित धारही लागते. डॉक्टर तिच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत केवळ रक्त जाते. दुसरीत मोड बाहेर येऊन आपोआप आत जातो. तिसरीत तो बोटाने आत सारावा लागतो. चौथीत तो बाहेरच राहतो.

चिरेची गोष्ट निराळी. ती पडते गुदद्वाराच्या तोंडाशी, जेथील कातडी अतिशय संवेदनशील असते. बहुतेक वेळा मागील बाजूस मध्यभागी, आणि स्त्रियांत कधी कधी पुढील बाजूस. कठीण मल बाहेर पडताना काच फिरावी तशी कळ येते आणि शौच उरकल्यावरही ती काही मिनिटे, कधी दोन-चार तास ठसठसत राहते. रक्त थोडेच, मलावर एखादी लाल रेघ उमटावी एवढे. आपल्या प्राचीन वैद्यांनी या दुखण्यास दिलेले परिकर्तिका हे नाव ‘कापणे’ या अर्थाच्या धातूपासून आले आहे. नावातच रोगाची खूण सांगून ठेवली आहे. मूळव्याधीस त्यांनी अर्श हे निराळेच नाव दिले.

तेव्हा ढोबळ नियम असा : रक्त पुष्कळ व वेदना नाही, तर मूळव्याधीचा संशय घ्यावा, रक्त थोडे व वेदना असह्य, तर चिरेचा. या नियमास दोन अपवाद आहेत आणि फसगत होते ती तेथेच. बाहेरच्या मूळव्याधीत रक्ताची गुठळी धरली, तर एकाएकी निळसर, टणक गाठ येऊन भयंकर दुखते. मात्र ते दुखणे शौचापुरते नसून अष्टौप्रहर असते व दोन-तीन दिवसांनी उतरू लागते. दुसरा अपवाद असा, की चीर जुनी झाली, म्हणजे दीड-दोन महिने बरी झाली नाही, तर तिच्या टोकाशी कातडीचा एक छोटा कोंब वाढतो. तो हातास लागला की रोगी त्यास मोड समजतो, आणि भोंदू वैदूही तोच मोड म्हणून कापतो किंवा जाळतो. चीर मात्र जागच्या जागी राहते.

ती भरून येत नाही यामागे एक दुष्टचक्र आहे. वेदनेमुळे आतील स्नायू आवळून धरला जातो. तो आवळल्याने त्या जागेस रक्तपुरवठा कमी होतो. रक्त कमी म्हणून जखम सुकत नाही. त्यात रोगी भीतीने शौच टाळतो, मल अधिकच कठीण होतो आणि चीर पुन्हा उकलते. लहान मुलाच्या मलावर रक्ताची रेघ दिसली व ते शौचास बसताना रडू लागले, तर आईने चिरेचाच विचार आधी करावा. त्या वयात मूळव्याध विरळा. बाळंतिणीस दोन्ही दुखणी होऊ शकतात. ती लाजेने बोलत नाही. तेव्हा सासूबाईंनी आपण होऊन विचारावे.

मल मऊ ठेवणे हा दोन्ही दुखण्यांवरील पहिला उपाय. पालेभाज्या, कोंड्यासकट पिठाची भाकरी-पोळी, फळे व भरपूर पाणी घ्यावे. गुजरातेतील उंझा हे गाव इसबगोलाच्या मोठ्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. तो भुसा रात्री मोठा पेलाभर पाण्यातून घ्यावा, कमी पाण्यात घेऊ नये. सोसवेल इतक्या कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसावे. बडोद्याची झणझणीत सेव-उसळ चीर भरेपर्यंत दूर ठेवलेली बरी.

पुढचे उपचार मात्र भिन्न आहेत, म्हणूनच निदान महत्त्वाचे. चिरेसाठी डॉक्टर आवळलेला स्नायू सैल करणारे मलम सहा ते आठ आठवडे देतात. त्याने न भागल्यास छोटी शस्त्रक्रिया करतात. मूळव्याधीच्या मोडास रबराचे कडे चढवितात. फार वाढल्यास तो काढून टाकतात.

एक इशारा विसरू नये. वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल, शौचाची सवय अलीकडे बदलली असेल, वजन घटत असेल, अंगातले रक्त कमी झाले असेल, किंवा घरात कोणास आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर ‘मूळव्याधच असेल’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. मूळव्याधीच्या नावाखाली कर्करोग वर्षभर लपून राहिल्याची उदाहरणे शल्यवैद्यांस नवी नाहीत. मल डांबरासारखा काळा होणे, ताप येऊन पू वाहणे याही तातडीच्या खुणा होत.

बडोद्यास असणाऱ्यांनी पाटीवाल्याकडे न जाता सर सयाजीराव रुग्णालय गाठावे. १९४९ साली सुरू झालेले तेथील वैद्यकीय महाविद्यालय याच रुग्णालयास जोडलेले आहे. गावाकडील मंडळींनी आपल्या सरकारी दवाखान्यात जावे. तपासणीस काही मिनिटेच लागतात आणि चीर बहुधा नुसत्या पाहण्यानेच कळते.

मध्ययुगात फ्रान्समधील भाविक मूळव्याधीस ‘संत फियाकर यांचा आजार’ म्हणत. सातव्या शतकातील हे आयरिश संन्यासी माळ्यांचे आश्रयदाते. त्यांच्यापुढे हे दुखणे मांडण्यास त्या लोकांस लाज वाटली नाही. मग डॉक्टरापुढे आपण का लाजावे? ज्यास रक्त दिसले असेल, त्याने या आठवड्यातच जाऊन यावे.