घर घ्या, पण हिशेब मागून!

मेथीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा आपला माणूस पन्नास लाखांचे घर घेताना मात्र मुका होतो. बिल्डरच्या थंडगार कार्यालयात शिरला, समोर पाण्याची बाटली आणि रंगीत पुस्तिका आली की त्याची जीभ टाळूला चिकटते. समोरचा सांगेल तो आकडा, आणि वर 'आज टोकन दिले नाही तर उद्या भाव वाढेल' ही धमकी. घरी येऊन तो अभिमानाने सांगतो, "त्यांनी आपल्याला घर दिले." दिले? भविष्य निर्वाह निधी, बायकोचे दागिने आणि वीस वर्षांचे कर्ज मोजून घेतलेले घर कुणी 'दिले' कसे?

या मुकेपणाचे मूळ शोधले पाहिजे. भाव पाडून मागण्याची पहिली अट ही, की पटले नाही तर उठून जाता आले पाहिजे. ज्याला दुसरे दार उघडे आहे तोच पहिल्या दारात ताठ उभा राहतो. आपल्या माणसाची नेमकी हीच ताकद जातीने काढून घेतली. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते सराईत राहिले, तर काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी तेथूनही त्यांना बाहेर काढले. आज काठ्या नाहीत. आज आडनाव विचारतात, मूळ गाव विचारतात, 'नॉनव्हेज चालते का' विचारतात. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. त्यात दलित म्हटल्यावर काहींना सरळ नकार मिळाला आणि काहींना घर देऊ केले ते वेगळ्या, जाचक अटींवर. २००५ साली तर सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. मग दोन ठिकाणी नकार खाल्लेला माणूस तिसऱ्या ठिकाणी 'हो' ऐकताच भाव विचारायचेच विसरतो. जातीचा हा कर कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो, पण तो लाखांत भरावा लागतो.

अस्पृश्यतेच्या कारणाने कोणालाही कोणत्याही वस्तीत घर घेण्यापासून अडवणे हा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ नुसार गुन्हा आहे. हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे. पण भाव कायद्याने कमी होत नाही, तो माहितीने कमी होतो.

पहिली माहिती मोजमापाची. 'नऊशे फुटांचा फ्लॅट, सहा हजार भाव' असे सांगितले की आपण चोपन्न लाखांचा हिशेब करतो. या नऊशे फुटांत जिना, लिफ्ट, भिंती, गच्ची सगळे धरलेले असते. आत चटई अंथरता येईल अशी जागा सहाशे फूट निघाली, तर खरा भाव झाला नऊ हजार! २०१६ चा रेरा कायदा म्हणतो की व्यवहार चटई क्षेत्रावरच झाला पाहिजे. तेव्हा दोन इमारतींची तुलना करताना एकूण रकमेला चटई क्षेत्राने भागावे आणि मगच बोलायला बसावे. त्याच बैठकीत उघड्या पार्किंगचे पैसे मागितले तर साफ नाही म्हणावे. ती जागा सर्वांची सामाईक आहे, ती विकण्याचा अधिकार बिल्डरला नाही.

दुसरी माहिती याहून मोलाची, आणि ती फुकट आहे. त्याच इमारतीतला किंवा शेजारचा फ्लॅट मागच्या सहा महिन्यांत कितीला गेला? दलाल सांगेल तो आकडा सोडा. नोंदणी झालेल्या प्रत्येक व्यवहाराची सूची क्रमांक २ असते, तिच्यात मोबदल्याची रक्कम लिहिलेली असते, आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ती शोधता येते. महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पातल्या किती सदनिका विकल्या गेल्या हेही दिसते. 'दोनच फ्लॅट उरलेत' म्हणणाऱ्याकडे चाळीस पडून असतील तर घाई कोणाला आहे, हे वेगळे सांगायला नको. रेडी रेकनरचा दर मात्र विक्रीचा भाव समजू नये, तो मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर आहे.

दसऱ्याला बिल्डर सवलतीच्या जाहिराती लावतात. त्या दिवशी आपली माणसे दीक्षाभूमीवर असतात, हे उत्तमच! परत आल्यावर तीच सवलत बिनदिक्कत मागावी. माल खपवायचा असतो तो बिल्डरला, मुहूर्ताला नव्हे.

जुने घर घेताना मालक हमखास म्हणतो, 'एवढे चेकने, बाकीचे रोख.' येथे भाव कमी झाल्याचा आनंद मानू नये. रोख रकमेवर बँक कर्ज देत नाही, तिची पावती मिळत नाही, व्यवहार फिसकटला तर ती परत मागायला पुरावा नाही. २०१५ पासून घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास कायद्यानेच मनाई आहे. बँकेने केलेले मूल्यांकन सांगितलेल्या भावापेक्षा कमी आले, तर तोच कागद मालकासमोर ठेवून बोलावे. बिल्डरलाही नोंदणीकृत करारनामा होण्याआधी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. टोकन देऊन बसलेल्या माणसाची बोलण्यातली धार निघून जाते, म्हणून भाव आधी आणि पैसे नंतर.

आणखी एक. एकाच कार्यालयातले, एकाच आगारातले आठ-दहा जण वेगवेगळे फिरून वेगवेगळ्या भावाने घरे घेतात. आपण जयंतीची वर्गणी एकत्र काढतो, मोर्चाला एकत्र जातो, मग बिल्डरकडे एकट्याने का जायचे? दहा सदनिकांचे गिऱ्हाईक एकदम समोर बसले की आडनाव विचारणाऱ्याचाही सूर बदलतो. शिवाय अशा इमारतीत शेजारही आपलाच मिळतो, ही गोष्ट वेगळी.

भाव ठरला तरी मुद्रांक शुल्क उरतेच. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पन्नास लाखांच्या घरावर हे पन्नास हजार रुपये होतात, आणि त्यासाठी कोणाशी घासाघीस करावी लागत नाही. स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्काचे हिंदू कोड बिल रखडवले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांची जयंती करणाऱ्या आपल्या घरांपैकी किती घरांच्या करारनाम्यावर आज बाईचे नाव आहे?