मनगटाची कळ आणि हातातल्या पाटल्या

दिवाळी सरली की माझ्या दवाखान्यातला बाक भरतो. त्यातले निम्मे लोक पोट बिघडलेले असतात. त्यांची फारशी काळजी नसते. दोन दिवस मुगाची खिचडी खाल्ली की ते पुन्हा चिवड्याच्या डब्याकडे वळतात. उरलेल्या निम्म्यांत बायका अधिक, आणि त्या एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरून बसलेल्या असतात. सोऱ्या पिळून, लाडू वळून, जाड चादरी धुऊन पिळून काढून त्या हाताने महिनाभर जे सोसलेले असते, त्याचा हिशेब आता तो मागत असतो. यात अलीकडे पुरुषांचीही भर पडली आहे. ते सोऱ्याला हात लावत नाहीत. पण एका अंगठ्यावर मोबाईल चालवतात.

पूर्वी या मंडळींचा प्रश्न ठरलेला असे : "डॉक्टर, ऑपरेशन तर नाही ना करावे लागणार?" आता त्यांच्या हातात एक छापील कागद असतो, नाही तर मोबाईलवर आलेली जाहिरात. "शस्त्रक्रियेविना इलाज! झिजलेले सांधे पुन्हा नवे!" आणि मग मला विचारतात, "हे घेऊ का?" यंदाच्या गप्पांना हाच विषय धरतो.

पहिली गोष्ट ही की, 'हात दुखतो' हे रोगाचे नाव नव्हे. 'गावाला गेलो होतो' असे म्हणण्यासारखे ते आहे. कुठल्या गावाला, ते कळल्याशिवाय गाडी सांगता येत नाही. एका हातात २७ हाडे असतात. त्यांतली ८ नुसत्या मनगटात. बाकीचे स्नायुरज्जू, मज्जातंतू, त्यांची वेष्टणे निराळीच. पण माझ्या बाकावर येणाऱ्यांची दुखणी बहुतेक तीन ठिकाणची असतात.

एक, अंगठ्याच्या बाजूचे मनगट. अंगठा बाहेर ओढणारे दोन स्नायुरज्जू तिथे एका अरुंद म्यानातून जातात. ते म्यान जाड झाले की अंगठा हलवताच कळ येते. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यवैद्याने १८९५ साली या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्याचेच नाव पडले. कात्री चालवणाऱ्यांना, कपडे पिळणाऱ्यांना, आणि बाळाला काखांत हात घालून उचलणाऱ्या नव्या आयांना ते हटकून होते. अंगठा मुठीत मिटायचा आणि मूठ हलकेच करंगळीच्या बाजूला झुकवायची. अंगठ्याच्या मुळाशी जीव कळवळला की संशय घ्यायचा. थोडा ताण निरोगी माणसालाही बसतो, म्हणून दुसऱ्या हाताशी ताडून पाहावे.

दोन, मनगटाची आतली बाजू. तिथे हाडांची एक पन्हळ आहे आणि तिच्यावर जाड पट्टा ताणलेला आहे. या बोगद्यातून बोटे मिटणारे ९ स्नायुरज्जू आणि एक मज्जातंतू दाटीवाटीने जातात. दाटी वाढली की मार बसतो तो मज्जातंतूला. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अर्धी अनामिका यांना मुंग्या येतात. करंगळी मात्र सुटते. माणूस मध्यरात्री उठून हात झटकत बसतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपण यांत हे अधिक दिसते.

तीन, अंगठ्याच्या बुडाचा सांधा. ही मात्र खरीखुरी झीज. चिमटीत १ किलोचा जोर लावला तर या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो, असा हिशेब अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७७ साली मांडला. बरणीचे झाकण उघडताना आजीचा हात का मागे येतो, ते यावरून कळावे.

आता इलाजांकडे वळू. जुने इलाज सांगायला फार साधे, आणि म्हणूनच लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसत नाही. पहिल्या दुखण्यात अंगठ्यासकट मनगट धरून ठेवणारी पट्टी, काही आठवडे. दुसऱ्यात रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी. तिसऱ्यात आधाराची पट्टी, हाताचे व्यायाम, जाड मुठीचे चमचे-सुऱ्या आणि चोळायचे मलम. एवढ्याने भागले नाही तर स्टेरॉइडचे इंजेक्शन. डी क्वेर्व्हेनच्या दुखण्यात एकदोन इंजेक्शनांत बहुतेकांना उतार पडतो. बोगद्यातल्या दुखण्याची गोष्ट थोडी वेगळी. इंग्लंडमध्ये २३४ रोग्यांवर झालेली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यात सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांना पट्टीवाल्यांपेक्षा अधिक आराम होता. पण सहा महिन्यांनी दोघे सारख्याच जागी आले होते. शिवाय स्टेरॉइडचे काही देणेही असते. टोचल्या जागी कातडी पांढुरकी पडू शकते, खालची चरबी बसू शकते, आणि मधुमेह्याची साखर काही दिवस चढते.

इथे नवे इलाज पुढे येतात. त्यांतला मुख्य पीआरपीचा. तुमच्याच दंडातले रक्त काढायचे, ते यंत्रात गरगर फिरवायचे आणि प्लेटलेट्सनी दाट झालेला भाग दुखऱ्या जागी टोचायचा. डेंग्यूच्या साथीत घरोघर ज्यांचा आकडा विचारला जातो, त्याच या प्लेटलेट्स. रक्त गोठवणे हे त्यांचे काम. पण ते करताना जखम भरून येण्यास मदत करणारी द्रव्येही त्या सोडतात. म्हणून त्या दुखऱ्या जागी नेऊन सोडाव्यात, असा हा विचार. विचार चुकीचा नाही. बोगद्यातल्या सौम्य आणि मध्यम दुखण्यात काही लहान चाचण्यांत फायदा दिसलाही आहे.

दुसरा इलाज साखरेच्या पाण्याचा. अस्थिबंधांत द्रव टोचून मुद्दाम थोडा दाह उठवायचा, म्हणजे शरीर दुरुस्तीला धावते, ही कल्पना अमेरिकेत जॉर्ज हॅकेट यांनी १९५०च्या दशकात पुढे आणली. आता सोनोग्राफीत पाहत पाहत मज्जातंतूच्या भोवती ५ टक्क्यांचे साखरपाणी सोडून त्याला मोकळा करतात. तैवानच्या वैद्यांनी २०१७ साली ४९ रोग्यांवरची चाचणी प्रसिद्ध केली. एकाच इंजेक्शनानंतर सहा महिन्यांनी साखरपाण्याचा गट नुसत्या मिठाच्या पाण्याच्या गटापेक्षा सरस होता. औषध सलाइनच्या बाटलीतले, स्वस्त. महाग असतो तो टोचणारा कसबी हात.

मग चटकन घ्यावेत की हे इलाज? थांबा. ऑस्ट्रेलियात गुडघ्याची झीज असलेल्या २८८ माणसांवर एक चाचणी झाली; २०२१ साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले ते त्यांना ठाऊक नव्हते. वर्षाने दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले होते, आणि जवळजवळ सारखेच! गुडघा म्हणजे मनगट नव्हे, हे खरे. पण 'अमक्याने इंजेक्शन घेतले आणि त्याला बरे वाटले' एवढ्यावर का जाऊ नये, ते यातून कळते. पुष्कळ दुखणी आपल्या पायाने येतात आणि आपल्याच पायाने जातात. जाताना जो शेजारी उभा असेल त्याला श्रेय मिळते.

राहिल्या 'स्टेम सेल'. इथे मी हात जोडतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत साफ म्हटले आहे की, रक्ताच्या काही ठरावीक विकारांखेरीज अन्यत्र या पेशींचा वापर म्हणजे संशोधन. तो मंजूर चाचणीतच व्हावा. कोणी मनगटासाठी त्या दुकानातल्या मालासारख्या विकू लागला, तर तिथला चहाही घेऊ नका.

हे सगळे मी इतके तपशीलाने लिहितो आहे, ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईंमुळे. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास त्या आल्या. यजमान नाहीत, मुलगा बारावीला, घर चालते ते ब्लाऊजांवर. उजवे मनगट दोन महिने दुखत होते. एका ठिकाणी त्यांना 'सांधा झिजला' म्हणून सांगितले होते, आणि पीआरपीच्या चार इंजेक्शनांचे साठ हजार रुपये. बाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पाटल्या मोडायला काढल्यात. फक्त एकदा तुम्हाला विचारावे म्हटले."

मी त्यांना अंगठा मुठीत धरायला सांगितले आणि मूठ झुकवली. त्यांनी हात असा ओढून घेतला की टेबलावरचा पेला पडला. एक्स-रेत सांधा स्वच्छ होता. झीज नव्हतीच, म्यान अरुंद झाले होते. कपड्याच्या चार-चार घड्या एकदम कापणारी ती जड कात्री, हे तिचे काम.

"ताई, पाटल्या हातातच राहू द्या," मी म्हटले, "पण हाताला सुटी द्यावी लागेल."

"सुटी?" त्या एकदम म्हणाल्या. "दिवाळीचे चाळीस ब्लाऊज घेतलेत. सुटी घेतली तर वर्षाची फी कुठून भरू?"

याला माझ्या पुस्तकांत उत्तर नव्हते. ते त्यांच्या जावेने दिले. ती सोबत आली होती. म्हणाली, "बेतायचे तुम्ही सांगा, वहिनी. कापीन मी." अंगठ्याची पट्टी, एक स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि जावेची कात्री, एवढ्यावर काम झाले. मशीन बाईंनी स्वतः चालवले, बेताबेताने. कार्तिकी एकादशीला कळ गेली होती. टोचल्या जागी कातडीवर एक फिकट ठिपका राहिला आहे. तो मी आधीच सांगितला होता.

पण याच वर्षी एक निवृत्त कारकूनही आले. त्यांना बोगद्यातले दुखणे. 'ऑपरेशन नको' एवढ्या एका हट्टापायी त्यांनी निरनिराळी इंजेक्शने घेत दीड वर्ष काढले होते. बोटे आता रात्रीच नव्हे, दिवसभर बधिर. अंगठ्याखालचा उंचवटा बसून तिथे खळगा पडला होता. शर्टाचे बटण त्यांना लावता येत नव्हते. त्यांना मी त्याच दिवशी शल्यवैद्याकडे पाठवले. बोगद्यावरचा पट्टा कापला, रात्रीची झोप परत आली. गेलेला स्नायू काही परत आला नाही. शस्त्रक्रियेविना बरे होणे चांगलेच. पण ज्याला शस्त्रक्रियाच हवी, त्याला 'शस्त्रक्रियेविना' हा शब्द फार महाग पडतो.

तेव्हा वाचकहो, जाहिरात घेऊन कुठेही जाल तर पैसे काढण्याआधी चार प्रश्न विचारा. माझ्या दुखण्याचे नेमके नाव काय? पट्टी आणि साधे उपाय नीट करून झाले का? याच दुखण्यावर या इलाजाची चाचणी झाली आहे का, आणि कशाच्या तुलनेत? आणि गुण आला नाही तर पुढे काय? जो डॉक्टर शांतपणे उत्तरे देईल, त्याच्याकडून पीआरपीसुद्धा खुशाल घ्या. जो 'शंभर टक्के' म्हणेल, त्याला नमस्कार करून उठा.

बोटे सतत बधिर राहत असतील, हातातून वस्तू पडत असतील, उंचवटा बसत असेल, किंवा सांधा सुजून लाल होऊन ताप येत असेल, तर मात्र प्रश्नही विचारत बसू नका, लगेच दाखवा.

आणि घरातल्या पुरुषमंडळींना एक औषध लिहून देतो. पुढच्या दिवाळीत चकलीचे पीठ मळून झाले की सोऱ्या आपल्या हातात घ्यावा. चकल्या वाकड्या आल्या तरी चालतील.